बैठक टिपण्यासाठी रेकॉर्डर निवडताना

मी पुण्यात ज्या बाईंकडे गेली चौदा वर्षे ख्यालगायन शिकते, त्यांच्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी बैठक होते. पंचवीस-तीस श्रोते, तबला, पेटी आणि दोन तानपुरे एवढाच तिचा विस्तार असतो आणि ध्वनिक्षेपक कधीच लावला जात नाही. बाईंनी आता सत्तरी ओलांडली आहे. शिकवताना ज्या जागा शब्दांत सांगता येत नाहीत त्या त्या बैठकीत गाऊन दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी तानपुरा घेऊन बसले की त्यांतल्या निम्म्या मला नेमक्या आठवत नाहीत. हे गाणे नीट टिपून ठेवायचे, असे मी दोन वर्षांपूर्वी ठरवले. त्यासाठी योग्य रेकॉर्डर मिळेपर्यंत जवळपास आठ महिने गेले.

सुरुवात अर्थातच मोबाइलने झाली. पहिल्या बैठकीचे ध्वनिमुद्रण ऐकताना काहीतरी सतत खटकत होते, पण काय खटकते ते दोन-तीनदा ऐकल्यावर ध्यानात आले. बाई गाऊ लागल्या की तानपुरा मागे जाई आणि त्या श्वासासाठी थांबल्या की तोच तानपुरा, पंख्याची घरघर आणि रस्त्यावरची वाहने यांना सोबत घेऊन हळूहळू वर येई. प्रत्यक्षात तानपुरा संपूर्ण बैठकीत एकाच जोराने वाजत होता. मोबाइल आवाजाची पातळी आपणहून कमी-जास्त करतो, कारण तो बोलणे स्पष्ट ऐकू यावे यासाठी घडवलेला असतो. भाषणात ही तडजोड खपून जाते. ज्या संगीतात एक सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड चालू असतो तिथे मात्र पातळीतला एवढासा बदलही उघडा पडतो. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात बाई मुद्दाम सोडत असलेली शांतता त्या ध्वनिमुद्रणात उरलीच नव्हती आणि माझ्यासाठी ते नुकसान मोठे होते. पातळी हाताने ठरवता आली पाहिजे आणि एकदा ठरवली की ती हलता कामा नये, ही माझी पहिली अट तिथेच पक्की झाली.

यंत्र शोधण्याआधी मी बाईंची परवानगी मागितली. खरे तर हे मोबाइल लावण्याआधीच करायला हवे होते. आपल्याकडे १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने कलावंतालाही त्याच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे. पण माझ्या दृष्टीने प्रश्न कायद्याच्याही आधीचा होता. बाई म्हणाल्या, “टिप, पण तबलजींना आणि पेटीवाल्यांनाही विचार. त्यांचंही वाजवणं त्यात आहे. आणि मला ऐकवल्याशिवाय कोणाला देऊ नकोस.” मी दोघांनाही विचारले आणि दोघांनीही आनंदाने होकार दिला.

माझ्या वडिलांकडे नव्वद मिनिटांच्या कॅसेटी होत्या. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे मावत आणि बहुतेक वेळा राग रंगात आला असतानाच कॅसेट उलटावी लागे, त्यामुळे त्या संग्रहातल्या कितीतरी ख्यालांच्या मधोमध एक भोक पडलेले आहे. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर तर उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकालाही तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करावा लागला. आज तीन तासांची बैठक सलग टिपता येते, ही सोय मला अजूनही फार मोलाची वाटते आणि म्हणूनच ती अर्धवट वापरायची नव्हती.

पुढची बैठक मी एका परिचिताकडून आणलेल्या जुन्या रेकॉर्डरवर टिपायची ठरवली. त्यात लाल बटण एकदा दाबले की यंत्र सज्ज होते, दिवा लुकलुकतो आणि पडद्यावर पातळीची पट्टीही हलू लागते, मात्र ध्वनिमुद्रण सुरू होते ते बटण दुसऱ्यांदा दाबल्यावर. मला हे ठाऊक नव्हते. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ येत होता, पट्टी हलत होती, म्हणून मी निर्धास्त बसले. बाईंनी त्या संध्याकाळी पूरिया धनाश्री पन्नास मिनिटे गायला आणि त्यातले एक अक्षरही कार्डावर उतरले नाही. मध्यंतरात हे कळले तेव्हा मला रडू आवरेना. तेव्हापासून दिवा स्थिर झाला आहे आणि सेकंदांचे आकडे पुढे सरकत आहेत, या दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मी जागेवरून उठत नाही. रेकॉर्डर निवडतानाही हा दिवा आणि हे आकडे अंधुक उजेडात, चार फुटांवरून दिसतात का, हे मी आवर्जून तपासले.

त्यानंतर मी घाई केली नाही. ओळखीच्यांकडून आणखी दोन यंत्रे मागून आणली आणि मोबाइल धरून चारही साधनांची एकाच पद्धतीने परीक्षा घेतली. रात्री साडेदहानंतर पंखा बंद करायचा, खिडक्या लावायच्या, तानपुरा नीट जुळवायचा, यंत्र पाच फुटांवर ठेवायचे आणि दोन मिनिटे फक्त तानपुरा, मग दोन मिनिटे हळू आवाजातला आलाप आणि शेवटी पूर्ण शांतता टिपायची. माझा तानपुरा मिरजेचा आहे आणि त्याची जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची घासणी, गेल्याच वर्षी काढून घेतलेली होती, त्यामुळे तारेतून निघणारी स्वरांची सूक्ष्म लव माझ्या कानात पक्की बसलेली आहे. दोन यंत्रांत त्या लवेच्या मागे सतत एक सूऽऽ असा आवाज ऐकू येत होता. ती यंत्राच्या स्वतःच्या माईकची आणि वर्धकाची सुरसुर असते. मोठ्याने वाजणाऱ्या बँडच्या ध्वनिमुद्रणात ती झाकली जाईल, पण मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, आलापाला पातळी वाढवावी लागते आणि तिच्याबरोबर सुरसुरही वाढते. एमपी३ मध्ये कमी बिटरेटवर टिपले तर तीच लव पाणी मारल्यासारखी पातळ होते, हेही त्या रात्री कळले. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण नेहमी वेव्हमध्येच, म्हणजे आवाज न आकसता साठवणाऱ्या फाइलमध्येच, करायचे, असे ठरले.

आकड्यांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात तत्त्वतः सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो आणि २४ बिटमध्ये १४४ चा. प्रत्यक्षात कोणतेही यंत्र एवढा पल्ला देत नाही, पण २४ बिटचा व्यवहारातला फायदा असा की पातळी मुद्दाम कमी ठेवली तरी चालते. तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे काठावरचा, ‘ना’ क्षणार्धात उसळतो आणि पातळी काठोकाठ ठेवलेली असेल तर तिथेच आवाज फाटतो. एकदा फाटलेला आवाज मागाहून दुरुस्त होत नाही. मी सर्वांत जोरकस आघात उणे १२ डेसिबलच्या, म्हणजे यंत्राच्या कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली, आसपास राहील अशी पातळी लावते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ या मांडणीत तासाला साधारण एक जीबी जागा लागते. ९६ किलोहर्ट्झला ती दुप्पट होते आणि मला ऐकताना फरक जाणवला नाही, म्हणून तो मोह सोडला.

माझ्यासमोर शेवटी तीन पर्याय राहिले. झूमचा एच१ एसेन्शियल ३२ बिट फ्लोटमध्ये टिपतो, म्हणजे पातळी लावण्याची चिंताच बव्हंशी मिटते, आणि तो खिशात मावतो. मात्र त्याला व्यावसायिक माईकच्या एक्सएलआर तारा जोडता येत नाहीत. झूमच्याच एफ३ मध्ये ३२ बिट फ्लोट आणि दोन एक्सएलआर जोडण्या आहेत, पण स्वतःचे माईक नाहीत, त्यामुळे चांगल्या माईकच्या जोडीचा खर्च वेगळा धरावा लागतो आणि तो माझ्या आवाक्याबाहेर होता. टास्कॅमच्या डीआर-४०एक्समध्ये स्वतःचे दोन माईक आहेत, बाहेरच्या दोन जोडण्या आहेत आणि मला निर्णायक वाटलेली एक सोय आहे: एकाच वेळी दुसरे ध्वनिमुद्रण काही डेसिबल खालच्या पातळीवर होत राहते. तबल्याची एखादी तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) अनपेक्षित जोरात आली आणि मुख्य प्रत फाटली, तर तेवढा तुकडा दुसऱ्या प्रतीतून घेता येतो. मी हाच घेतला. ३२ बिट फ्लोटची ओढ अजूनही वाटते. मात्र पातळी विचारपूर्वक लावण्याची सवय लागल्यामुळे मी बैठकीआधी अर्धा तास पोचते आणि साज जुळत असतानाच सगळे तपासून होते, हे मला आवडते.

बुधवार पेठेतल्या एका दुकानातून घेतलेले मेमरी कार्ड मात्र नकली निघाले. लिहिलेल्या क्षमतेच्या पाव भागानंतर त्यात काहीच साठत नव्हते. सुदैवाने मी ते घरी पूर्ण भरून, शेवटची फाइल वाजवून पाहिली होती, म्हणून बैठकीत फजिती झाली नाही. नवे कार्ड कुठूनही घ्यावे, पण ही परीक्षा केल्याखेरीज वापरू नये. सेलच्या बाबतीतही मी चार्ज होणारे तीन सेल यंत्रात आणि तीन पिशवीत ठेवते. पॉवर बँकेवर मी विसंबत नाही, कारण रेकॉर्डर इतकी कमी वीज ओढतो की काही पॉवर बँका मोबाइल जोडलेला नाही असे समजून आपोआप बंद होतात.

यंत्र आल्यावर समजले की ते कुठे ठेवायचे हा प्रश्न कोणते घ्यायचे याहून अवघड आहे. सुरुवातीला मी ते छोट्या तिपाईवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवले होते. डग्ग्याची घुमारी फरशीतून थेट तिपाईत चढत होती आणि सगळे गाणे जणू माठातून येत होते. आता उंच स्टँड घेऊन, बसलेल्या बाईंच्या तोंडापेक्षा थोडे वर आणि पाच-साडेपाच फुटांवर मी ते लावते आणि स्टँडच्या पायांखाली चौघडी केलेली गोधडी घालते. खालचे सूर कापण्याची कळ यंत्रात असते, पण ती मी जपून वापरते. बाईंचा सूर काळी पाच, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी, असल्यामुळे त्यांच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ११६ हर्ट्झच्या आसपास असते आणि ८० हर्ट्झखालचे सूर कापणारी कात्री तिला फारशी लागत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज मात्र ६९ हर्ट्झच्या जवळ असतो आणि त्याच कात्रीत तो सापडतो.

गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम एका लहान सभागृहात झाला तेव्हा बाहेरच्या जोडण्या कामी आल्या. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी त्यांच्या मिक्सरमधून तार दिली. ती लाइन पातळीची असते, म्हणून यंत्रातही तशीच नोंद करावी लागते. माईकच्या नोंदीवर ठेवली तर सुरुवातीपासूनच आवाज फाटतो. नुसत्या मिक्सरच्या आवाजात गळा अगदी जवळ आणि तबला मात्र फार दूर ऐकू आला, कारण लहान सभागृहात तबला मुळातच मोठा असल्याने ध्वनिक्षेपकातून तो कमीच सोडलेला असतो. मिक्सरचे दोन आणि यंत्राच्या माईकांचे दोन अशा चार वेगळ्या मार्गांवर टिपल्यामुळे यंत्राच्या माईकांनी पकडलेला सभागृहातला आवाज त्यात नंतर मिसळता आला आणि दादही जिवंत राहिली.

पहिले मनासारखे ध्वनिमुद्रण मी बाईंना त्यांच्याच खोलीत हेडफोनवर ऐकवले. त्या डोळे मिटून वीस मिनिटे काहीच बोलल्या नाहीत, मग हाताने थांबवून म्हणाल्या, “मागे घे जरा. हा गंधार चढलाय माझा.” तो तुकडा त्यांनी तीनदा ऐकला आणि गुणगुणून दुरुस्त केला. नंतर त्यांनी विचारले, पेटी इतकी पुढे का येते? मी स्टँड कुठे होता ते सांगितले. पुढच्या बैठकीत तो मधल्या कोनाड्यासमोर, पेटीपासून लांब आणि दोन्ही तानपुऱ्यांकडे थोडा वळवून लावायचा, असे आमचे ठरले.