नखाचा काटा

१८ जुलै, नौपाडा, ठाणे. रात्री

पाय दोन उशांवर ठेवून लिहितेय. अंगठ्याची बधिरता उतरतेय, ठणका वर येतोय. तरी गेल्या महिन्यापेक्षा हा ठणका बरा.

पावसाला सुरुवात झाली तेव्हाचं हे दुखणं. साचलेल्या पाण्यातून स्टेशन गाठायचं, मग दिवसभर त्याच ओल्या, बंद बुटांत पाय. नखाचा कोपरा रुतायला लागला की मी नेलकटर आत घालून तो खोल कापायचे. दोन दिवस बरं वाटायचं, मग आधीपेक्षा जास्त. आई म्हणाली, नखुरडं झालंय, हळद बांध. बांधली. परवा लोकलमध्ये कुणाचा तरी पाय पडला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. घरी मोजा सोलून काढला तर पू, आणि कडेला लालबुंद मांस वर आलेलं.

आज डॉक्टरांनी अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी इंजेक्शन दिलं. खरं दुखलं ते तेवढंच. अख्खं नख काढतील ही भीती होती, पण काढली फक्त कडेची उभी पट्टी. ती कड पुन्हा उगवू नये म्हणून मुळाशी फिनॉल नावाचं रसायन लावलं. मग ट्रेमधला तुकडा चिमट्यात धरून दाखवला. त्याच्या एका टोकाला माशाच्या काट्यासारखं अणकुचीदार टोक. कोपरा कापताना आत राहिलेलं. नख वाढेल तसं तेच मांसात घुसत होतं. म्हणजे दर वेळी बरं वाटावं म्हणून मी तो काटाच घडवत होते.

नुसत्या गोळ्यांनी भागलं नसतं का, विचारलं. काटा आत असताना गोळ्या काय करणार, म्हणाले. पू होण्याआधी आले असते तर कोमट पाण्यात दिवसातून तीन-चारदा पाय बुडवून, नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात सरकवूनही जमलं असतं. आणि नख कायम सरळ आडवं कापायचं, कोपरे गोल करायचे नाहीत. इतकी साधी गोष्ट मला या वयापर्यंत कुणी सांगितली नव्हती.

घरी आले ती थेट बाबांसमोर बसले. त्यांना १६ वर्षांचा मधुमेह. "पाय दाखवा."

"अगं, मला कुठे काय दुखतंय!"

नेमकं तेच ऐकायचं नव्हतं. साखरेमुळे पायाची जाणीवच कमी होते, आणि जखम भरतही नाही लवकर. मोबाईलचा टॉर्च लावून दहाही बोटं पाहिली. डाव्या अंगठ्याची कड सुजलेली, लाल. कोपरा गोल कापलेला. हलकेच दाबलं.

"बाबा, दुखतंय?"

"छे."

उद्या साडेदहाला माझं ड्रेसिंग आहे. बाबांचीही वेळ घेतलीय.