गेटवेसमोरचा ट्रम्पेट

आज संध्याकाळी गेटवेहून शिडाच्या बोटीत बसलो. सोबत सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि गिटार वाजवणारी जॅझ मंडळी. बोट चांगलीच डुलत होती, पण ट्रम्पेटचा सूर जराही हलला नाही! समोर ताज हॉटेलचा घुमट. १९३० च्या दशकात तिथे लिऑन ॲबीचा अमेरिकन जॅझ बँड वाजवायचा. पुढे गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट गाजला. हाच चिक आपल्या संगीतकार सी. रामचंद्रांसोबतही होता. आजोबांच्या रेडिओवरच्या ज्या हिंदी सिनेमातल्या गाण्यांवर पाय थिरकायचे, त्यांतले ट्रम्पेट, सॅक्सोफोन बरेचदा अशा गोवेकर वादकांचे. (अरेंजर, म्हणजे गाण्यातल्या वाद्यांची मांडणी करणारेही अनेकदा तेच.) श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावं क्वचितच यायची. याचं मला फार वाईट वाटतं. उतरताना ट्रम्पेटवाल्या मुलाला मनापासून दाद दिली. पावसाळ्यात शिडं उतरतात, म्हणून जायचं तर त्याआधीच जा.