६२ आणि ११८

पॅथॉलॉजी लॅबमध्ये एककं बदलून देणं रोजचंच. ग्लुकोजच्या मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरना १८ ने भागलं की मिलिमोल प्रति लिटर मिळतात, कोलेस्टेरॉलला ३८.६७ ने. हे तोंडपाठ असतं, कारण ग्लुकोजचा रेणू कोणाच्याही रक्तात तेवढ्याच वजनाचा. एचबीए१सीला, म्हणजे साखरेच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीच्या चाचणीला, नुसता गुणाकार पुरत नाही, आधी २.१५ वजा करून मग १०.९२९ ने गुणावं लागतं. पण सूत्र आहे, उत्तर येतं.

त्या दिवशी काउंटरवर एक गृहस्थ लायपोप्रोटीन-ए चे, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका कणाचे, दोन रिपोर्ट घेऊन आले. जुना दुसऱ्या लॅबचा, ६२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. आमचा, ११८ नॅनोमोल प्रति लिटर. मधल्या काळात त्यांनी कडक पथ्य पाळलं होतं. "मॅडम, किती उतरलं तेवढं सांगा."

मी येईपर्यंत रिसेप्शनवरच्या मुलाने नेटवर बघून ६२ ला २.५ ने गुणलं होतं. १५५. म्हणजे चांगलंच उतरलं! गृहस्थांचा चेहरा खुलला होता. मी २ ने गुणून दाखवलं, कारण तोही गुणक सर्रास वापरला जातो. १२४. म्हणजे जवळपास जिथल्या तिथे. गुण आला की नाही हे त्यांचं रक्त ठरवत नव्हतं, आम्ही उचललेला गुणक ठरवत होता.

या कणातल्या एका प्रथिनात एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कोणात मोजकेच वेळा, कोणात चाळीसच्या आसपास. आईकडून एक लांबी, वडिलांकडून बहुधा दुसरीच. मिलिग्रॅम वजन सांगतात, नॅनोमोल कणांची संख्या. एकेका कणाचं वजनच माणसागणिक वेगळं, तर वजनावरून संख्या काढणार कशी? पोत्याच्या वजनावरून आतले नारळ मोजायचे, आणि नारळ केवढे ते माहीत नाही. त्यात काही किटमधली अँटीबॉडी त्या तुकड्यांनाच चिकटते, मग लांब प्रथिन असलेल्याचा आकडा आणखी फुगतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र या चाचणीपुढेही गुणकाचा रकाना आहे आणि तो रिकामा सोडता येत नाही. मागचा-पुढचा आलेख सलग दिसावा म्हणून. ज्याने हे बनवलं त्याला आलेखाची काळजी होती, रुग्णाची नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक वाट होती. आजचंच सीरम जुन्या लॅबला पाठवायचं, त्याच पद्धतीने मोजून घ्यायचं. फोन केला, तर त्यांनीही किट बदललं होतं. जुना नमुना अर्थातच टाकून दिलेला.

दोन्ही आकडे आपापल्या एककात ठेवून 'तुलना करता येत नाही' असं रिपोर्टवर लिहिलं. हे प्रमाण बहुतांशी आनुवंशिक असतं, पथ्याने फारसं हलत नाही, हे मला ठाऊक होतं. ते सांगणं डॉक्टरांचं काम, म्हणून त्यांच्याकडे पाठवलं. "पण १५५ तर आलं होतं ना?" जाताना ते त्या मुलाला विचारत होते.