बाबांच्या एमआरआयमधले काळे ठिपके

बाबांच्या उजव्या हाताच्या बोटांना अधूनमधून मुंग्या यायच्या. हळूहळू त्या कोपरापर्यंत चढायच्या, कधी ओठांच्या कडेपर्यंत पोचायच्या आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. छोटा स्ट्रोक समजून डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी एका सकाळी बाबा म्हणाले, "पेपरातल्या ओळी अर्ध्यातच संपतायत गं." उजवीकडचं त्यांना दिसतच नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या भागात, डाव्या बाजूला रक्तस्राव.

न्यूरोलॉजिस्टना जागा खटकली. रक्तदाबाने होणारा रक्तस्राव बहुतेक वेळा मेंदूत खोलवर होतो, हा पृष्ठभागाजवळ होता. म्हणून जुनं, साकळलेलं रक्तही दिसेल असा एमआरआय सांगितला, त्याला एसडब्ल्यूआय म्हणतात. स्क्रीनवर मोहरीएवढे काळे ठिपके विखुरले होते. प्रत्येक ठिपका म्हणजे कधीतरी झिरपलेलं थेंबभर रक्त. सतरापर्यंत मोजले, पुढे मोजवेना. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एका वळीत साकळलेल्या रक्ताचा, काजळाच्या रेघेसारखा पट्टा होता. मुंग्यांचं मूळ बहुधा तो पट्टाच, असं न्यूरोलॉजिस्ट म्हणाले. म्हणजे तो स्ट्रोक नव्हताच, आणि नेमकी नको ती गोळी आम्ही न चुकता देत होतो. हे अजूनही सलतं.

आजाराचं नाव सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपथी. अमायलॉइड बीटा हे प्रथिन सगळ्यांच्याच मेंदूत तयार होतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींलगत त्याचा निचरा होतो. वयानुसार निचरा मंदावला की ते भिंतीतच साचतं, तिथल्या स्नायूपेशी मरतात आणि लहान धमन्या ठिसूळ होऊन फुटतात. अल्झायमरमध्ये हेच प्रथिन पेशींच्या मधल्या जागेत साचतं. पुष्कळदा दोन्ही आजार एकत्र असतात, म्हणून बाबांची स्मरणशक्तीही तपासली.

रिपोर्टवर '२०२२च्या बोस्टन निकषांनुसार बहुधा' असं लिहिलंय. हे निकष म्हणजे हा आजार ओळखायचे नियम. 'बहुधा' अशासाठी, की त्यांनुसार पक्की खात्री मृत्यूनंतर मेंदू तपासल्यावरच होते.

"साचलेलं काढता येतं का?" मी विचारलं. नाही. पण पुढचा रक्तस्राव टाळायची धडपड करता येते. ती गोळी बंद झाली. रक्तदाबाचा वरचा आकडा १३०च्या खाली ठेवायचा. वही घालून रोज लिहिते.

फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवलंय: रक्त पातळ करणारं औषध न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय देऊ नये. गेल्या महिन्यात पुन्हा मुंग्या आल्या. वेळ टिपली, थेट रुग्णालय गाठलं आणि कुणी काही द्यायच्या आत ते पान पुढे केलं.