काट्यांवरच्या गाठी

जेजुरीजवळच्या माळावर टी. वाय.च्या मुलांना घेऊन तांबेऱ्याचे, म्हणजे झाडापिकांवर पडणाऱ्या नारिंगी बुरशीचे, नमुने गोळा करायला गेलो होतो. एका मुलीनं हाक मारली, "सर, इकडं या. हिला फळं काट्यांवर लागलीत!"

अकेशिया एबर्निया. खुरटी बाभूळ, हस्तिदंतासारखे पांढरे लांब काटे. 'एबर्निया' हे नाव त्यावरूनच पडलंय. पण कित्येक काटे सुजून वेडेवाकडे झाले होते, फुलोऱ्यांचेही गोळे झालेले. लांबून मलाही त्या किड्यांनी केलेल्या गाठी वाटल्या. ब्लेडनं एक उभी चिरली, तर आत ना अळी, ना पोकळी. भरीव गर. वरची नारिंगी भुकटी मात्र बोटांना चिकटली. भिंग लावलं तर गाठभर इवलेइवले पेले, बीजाणूंनी काठोकाठ भरलेले. गव्हावर पडतो त्याच्याच गोत्रातला तांबेरा. इथं त्यानं झाडालाच वाढायला लावून स्वतःची सोय करून घेतली होती.

"झाड मरेल का, सर?"

गाठी धरलेल्या फांद्यांवर शेंग दिसत नव्हती, पण झाड हिरवं होतं. मग मी त्यांना दक्षिण आफ्रिकेतलं सांगितलं. तिथं माजलेल्या अकेशिया सॅलिग्ना या ऑस्ट्रेलियन बाभळीला आवर घालायला 1987 साली असाच गाठी करणारा तांबेरा ऑस्ट्रेलियातून आणून मुद्दाम सोडला. गाठींनी खंगून ती झाडं अकाली मरू लागली.

शेळ्या राखणाऱ्या एक आजी एवढा वेळ ऐकत उभ्या होत्या. चिरलेली गाठ बघून म्हणाल्या, "हे व्हय? ल्हानपणी आमी खायचो की."

मुलं हसली. माझ्या अंगावर काटा आला. बार्कले यांनी 1890 साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये या बुरशीचं वर्णन केलं ते 'एसिडियम एस्क्युलेंटम' म्हणून. एस्क्युलेंटम म्हणजे खाण्याजोगं. 1961 मध्ये नरसिंहन आणि थिरुमलाचार यांनी तिला रॅव्हेनेलिया या प्रजातीत नेलं, तरी 'एस्क्युलेंटा' राहिलंच. वीस वर्षं हे नाव फळ्यावर लिहितोय. ती खाऊन पाहिलेलं माणूस आज भेटलं.

"कशी लागायची, आजी?"

"आता काय सांगू बाबा. भूक लागल्याली असायची."

नमुन्याच्या पाकिटावर झाड, ठिकाण, तारीख लिहून झाल्यावर खाली एक ओळ वाढवली: 'खात असत. सांगणार, शेळ्या राखणाऱ्या आजी.'