सात वाक्यं, एक ‘च’ आणि ‘दुसरं काही’: त्रैक्याच्या कोड्यावरची नोंद

मागच्या नोंदीनंतर मोठा खंड पडला, पण वही बंद नव्हती. गेल्या तीन वर्षांत न हललेली एक गोष्ट या काळात हलली, आणि ती हलली मराठी व्याकरणामुळे. म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितो आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी आधी कोडं सांगतो. देव एकच, आणि तरी पिता, पुत्र (म्हणजे येशू ख्रिस्त) आणि पवित्र आत्मा असे तिघे, या ख्रिस्ती शिकवणीला त्रैक्य म्हणतात. तत्त्वज्ञ रिचर्ड कार्टराइट यांनी १९८७ मध्ये त्यातलं कोडं सात वाक्यांत मांडलं. पिता देव आहे. पुत्र देव आहे. पवित्र आत्मा देव आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे. पिता म्हणजे आत्मा नव्हे. पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. आणि सातवं, देव एकच आहे. पहिली सहा एकत्र सुखाने नांदतात. सातवं आलं की भांडण सुरू होतं. माझी पद्धत तीच आहे: जो कोणी उत्तर सुचवतो, त्याच्या अर्थाने ही साती वाक्यं मराठीत पुन्हा लिहायची, कुठेही दोन अर्थ निघू द्यायचे नाहीत, आणि कोणतं वाक्य कुरकुरतं ते बघायचं.

सगळी अडचण ‘आहे’मध्ये आहे हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ‘पिता देव आहे’ हे ‘सोनं धातू आहे’ यासारखं वाक्य आहे, की ‘शुक्राची चांदणी म्हणजेच शुक्र ग्रह’ यासारखं? मी दोन रंगांच्या शाईने दोन्ही वाचनं लिहून काढली. ‘म्हणजेच’ घातलं, तर पिता म्हणजेच देव, पुत्र म्हणजेच देव, मग पिता म्हणजेच पुत्र, आणि चौथं वाक्य पडतं. सोनं-धातूच्या चालीवर वाचलं, तर तीन निरनिराळे असे की प्रत्येक जण देव, मग देव तीन, आणि सातवं पडतं. निकाया इथल्या इ. स. ३२५ च्या ख्रिस्ती धर्मपरिषदेपासून आजपर्यंत जे जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं या दोहोंच्या मधली वाट शोधण्यासाठीच आहे, असं माझं मत झालं आहे.

आता नवीन काय ते सांगतो. नाझियान्झसचा ग्रेगरी या ग्रीक धर्मपंडिताने क्लेदोनियस नावाच्या पाद्रीला लिहिलेलं पत्र पुन्हा वाचत होतो. चौथ्या शतकातलं हे पत्र मुळात ख्रिस्ताबद्दल आहे, पण त्यात जाता जाता त्रैक्याबद्दल एक ओळ येते. तिच्यात तो ‘आलॉस’ आणि ‘आलो’ (‘दुसरा’ याअर्थी ग्रीक शब्द) असा भेद करतो. पहिला शब्द पुल्लिंगी, दुसरा नपुंसकलिंगी. त्रैक्यात ‘आलॉस’ म्हणायचं, ‘आलो’ म्हणायचं नाही. इंग्रजी भाषांतरात यासाठी लांबलचक स्पष्टीकरण जोडावं लागतं, आणि मी इतकी वर्षं त्या स्पष्टीकरणावरच वाचत आलो होतो. त्या रात्री सहज मराठीत लिहून पाहिलं:

पुत्र हा पित्याहून दुसरा कोणी आहे, दुसरं काही नाही.

लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. आपल्याकडे नपुंसकलिंग जिवंत आहे, ‘कोणी’ आणि ‘काही’ वेगळे आहेत, त्यामुळे ग्रेगरीला जे म्हणायचं होतं ते एका ओळीत, एकाही पारिभाषिक शब्दाशिवाय उतरतं. त्याच पत्रात तो म्हणतो की ख्रिस्ताच्या बाबतीत हे उलट आहे: तिथे दुसरं काही आहे (देवत्व एक, मनुष्यत्व दुसरं), पण दुसरा कोणी नाही. चौथ्या शतकातले दोन मोठे वाद या एका जोडीत मावतात.

हीच नजर घेऊन मागे गेलो. योहानाच्या शुभवर्तमानात, १०:३० मध्ये, येशू म्हणतो की मी आणि पिता एक आहोत. ग्रीकमध्ये तिथे ‘हेन’ आहे, म्हणजे नपुंसकलिंगी एक. ‘हेइस’, पुल्लिंगी एक, नाही. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने प्राक्सियसच्या मताला उत्तर देताना नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: ‘उनुम’ (नपुंसकलिंगी एक) म्हटलं आहे, ‘उनुस’ (पुल्लिंगी एक) नाही. पिता आणि पुत्र हा एकच जण, असं मानणाऱ्यांविरुद्ध हा त्याचा युक्तिवाद. गंमत अशी की मराठीचं ‘एक’ इथे काहीच सांगत नाही, ते लिंगाने बदलतच नाही. म्हणजे जिथे ‘दुसरं’ मदतीला येतं, तिथे ‘एक’ साथ देत नाही.

मग मोजण्याचा प्रश्न. आपण खुर्च्या ‘तीन’ म्हणतो आणि माणसं ‘तिघे’. ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडिताने त्रैक्यावरच्या पंधरा भागांच्या ग्रंथात विचारलं होतं की तीन काय? आणि स्वतःच कबूल केलं की ‘तीन व्यक्ती’ असं आपण म्हणतो ते नेमकं सांगता येतं म्हणून नव्हे, तर गप्प राहायला लागू नये म्हणून. ‘तिघे’ हा शब्द इथे कामाचा आहे, कारण त्याला पुढे नाम लागत नाही. ‘कोण?’ हे ठरतं, ‘काय?’ हे मोकळं राहतं. माझ्या तक्त्यात आता चौथं ते सहावं ही तिन्ही वाक्यं ‘ते तिघे आहेत’ या एकाच ओळीत आली आहेत.

इथे एक दुरुस्ती करायची आहे. मागच्या एका नोंदीत मी नीसाच्या ग्रेगरीला (हा चौथ्या शतकातलाच, पण वेगळा ग्रेगरी) ‘तीन माणसांच्या उपमेवाला’ म्हणून तीन स्वतंत्र चेतना मानणाऱ्यांच्या गटात टाकलं होतं. ते चूक होतं. पेत्र, याकोब आणि योहान (येशूचे तीन शिष्य) यांना आपण तीन माणसं म्हणतो, मग पिता, पुत्र आणि आत्मा यांना तीन देव का म्हणू नये, हा प्रश्न अब्लाबियसने विचारलेला आहे. ग्रेगरी त्याला उत्तर देतो आहे. त्याचं पहिलं उत्तर (मुळात ‘तीन माणसं’ म्हणणंच बोलण्यातली ढिलाई आहे) मला आजही पटत नाही. दुसरं मात्र जितकं वाचतो तितकं मोठं वाटतं. तो म्हणतो, ‘देव’ हे नाव स्वभावाचं नाही, कृतीचं आहे. एकच धंदा करणारी माणसं अनेक मोजली जातात, कारण प्रत्येक जण आपापलं काम वेगळं करतो. इथे तसं नाही. प्रत्येक कृती पित्यापासून निघते, पुत्राद्वारे येते, आत्म्यात पूर्ण होते. आपल्याला जीवन मिळतं ते तिघांकडून, पण तीन जीवनं मिळत नाहीत. मोजायचं असेल तर काम मोजा, आणि काम एकच आहे. ‘देव’ हे नाम क्रियापदासारखं वाचायचं, ही कल्पना सातव्या वाक्याला कुठलाही धक्का न लावता उभी राहते. तिच्यावरचा आक्षेप मला एवढाच दिसतो की पूर्ण एकमताने केलेलं काम आणि एकच काम, यांतली रेघ कुठे मारायची ते ग्रेगरी दाखवत नाही.

आधुनिक तत्त्वज्ञांच्या उत्तरांची चाचणी थोडक्यात लिहितो, एक सोडून.

ते एक म्हणजे सापेक्ष तादात्म्य. पीटर गीच यांचं म्हणणं असं की नुसतं ‘तोच’ असं काही नसतं, ‘तोच अमुक’ असंच असतं. पीटर व्हॅन इनवॅगन यांनी १९८८ मध्ये याच पायावर त्रैक्याची पूर्ण तर्करचना उभी केली. मराठीत लिहिलं: पुत्र हा पिता आहे तोच देव आहे, पण तीच व्यक्ती नव्हे. इतकं सहज बसतं की संशय यावा. आपलं तोच, तीच, तेच हे आधीच कुठल्या तरी नामाकडे तोंड करून उभं असतं, म्हणून कानाला काही खटकत नाही. पण मी पुढची ओळ लिहिली: पुत्राने देह धारण केला, पित्याने नाही. आता ‘तोच देव’ या शब्दांचा अर्थ काय उरला? ज्याने देह धारण केला तोच देव, ज्याने केला नाही तोच देव. ‘तोच’ असूनही एकाबद्दलचं खरं दुसऱ्याबद्दल खरं ठरत नसेल, तर हा ‘च’ रोजच्या बोलण्यातला ‘च’ नाही. व्हॅन इनवॅगन ही किंमत उघडपणे मोजतात. मला ती जड वाटते.

ब्रॉवर आणि रे यांचं २००५ चं उत्तर: एकच दगड पुतळाही आहे आणि खांबही आहे. पुतळा म्हणजे खांब नव्हे, तरी वस्तू मोजताना आपण एकच मोजतो. वाक्यं छान उतरतात, पण दगडाच्या जागी देवात काय ठेवायचं, इथे माझी वही कोरी आहे.

लेफ्टो यांचं २००४ चं उत्तर: एक नर्तकी कालप्रवास करून परत परत त्याच क्षणी मंचावर येते आणि रांगेतल्या सगळ्या जागा एकटीच भरते. मी जागा तीनच धरल्या आणि विचारलं, ‘मंचावर तिघी आहेत का?’ ‘नाही, एकटीच आहे’ हेच उत्तर तोंडात येतं. म्हणजे ‘ते तिघे’ ही ओळ इथे टिकत नाही.

राहता राहिलं सातवं वाक्य, आणि सध्या मी तिथेच अडकलो आहे. निकायाच्या मतांगीकाराची (म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्याची) पहिलीच ओळ एकाच देवावर, सर्वसमर्थ पित्यावर विश्वास ठेवते. तिथे ‘एक देव’ हे नाव पित्याला लावलेलं आहे, तिघांच्या बेरजेला नाही, आणि पूर्वेकडच्या चर्चची परंपरा हे वाचन आजही जपते. ते धरलं तर पहिल्या वाक्यात ‘पिता म्हणजेच तो एक देव’ येतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात सोनं-धातूच्या चालीचं ‘आहे’. त्या ओळीतलं ग्रीक ‘एक’ पुल्लिंगी आहे हे पाहून मी क्षणभर हरखलो होतो, पण ‘थेऑस’ (देव) हे नामच पुल्लिंगी असल्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही. सातव्या ओळीपुढे पेन्सिलीने दोन्ही लिहून ठेवलं आहे, ‘एकच कोण’ आणि ‘एकच काय’. पुढचे काही आठवडे नीसाच्या ग्रेगरीचं क्रियापदासारखं ‘देव’ या वाचनात घालून बघणार आहे. कुणी हा प्रयोग आधीच केला असेल तर तुमची सात वाक्यं जरूर पाठवा.