पाण्याआधी लाईट जाते

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये दोन माणसं रस्त्यात भेटली की पहिला प्रश्न असतो, "किती झालं?" कशाचं, ते सांगावं लागत नाही. उत्तर फुटात येतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर गेली की धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर प्रत्येक घराला आपापला फूट माहीत झाला आहे: इतक्याला गल्लीच्या तोंडाशी, इतक्याला पायरीला, इतक्याला चुलीपाशी.

शहराच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या कामात मी होते तेव्हा माझाही सगळा दिवस याच फुटांभोवती फिरायचा. त्या फुटांबाहेरचं काहीतरी पहिल्यांदा दिसलं ते २३ जुलै २०२१ च्या रात्री.

आदल्या दिवसापासून घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता. शुक्रवारी सकाळी महाबळेश्वरचा चोवीस तासांचा पाऊस कळला, ५९४ मिलिमीटर. नियंत्रण कक्षातल्या फळ्यावर तो आकडा लिहिताना मी दोनदा फोन करून विचारलं, दशांश चुकला नाही ना. नव्हता चुकला. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं असलं तरी एवढं पाणी एका दिवसात खाली यायला लागल्यावर धरण तरी किती धरणार? आणि सांगलीला फक्त कोयना भोवत नाही. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणा फुगलेली असली की कृष्णेला पुढे सरकायला जागा उरत नाही, ती मागे तुंबते. मग पाणी नदीकडून येत नाही, नाल्यांतून उलटं चढत वस्तीच्या पाठीमागून येतं. नवीन बदलून आलेल्या कर्मचाऱ्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगायचे, कारण ते सगळे नदीकडे तोंड करून उभे राहतात.

दुपारपर्यंत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या नेहमीच्या वस्त्या हलवायचं काम जोरात सुरू होतं. दोन वर्षांपूर्वी "२००५ ला इथं आलं नव्हतं, आता कशाला येतंय" म्हणून लोक बसून राहिले होते. या वेळी सांगावं लागत नव्हतं. गाद्या, शिलाई मशिनं, फ्रीज डोक्यावरून निघाले होते. म्हशीवाले सगळ्यांत शेवटी हलतात असा अनुभव, म्हणून आम्ही आधी जनावरांसाठी जागा आणि वैरण बघितली. जनावराची सोय झाली की त्याच्या मागोमाग घर निघतं.

डोक्याला खरा घोर होता कोरोनाचा. दुसरी लाट पुरती ओसरली नव्हती. घरीच विलगीकरणात असलेल्या रुग्णांची यादी आणि पूरपट्ट्यातल्या गल्ल्यांची यादी अशा दोन्ही घेऊन मी आदल्या रात्री बसले होते. जी नावं दोन्हींत सापडली, त्यांना फोन करून, त्यांच्यासाठी निवारा केंद्रात वेगळ्या खोल्या ठेवून संध्याकाळपर्यंत सगळ्यांना हलवलंही होतं. यादीतल्या शेवटच्या नावावर रेघ मारली तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

रात्री नऊच्या सुमारास एका आशाताईंचा फोन आला.

"मॅडम, आमच्या गल्लीतले आजोबा अजून घरातच आहेत. मशिनीवर आहेत."

"कुठल्या मशिनीवर? यादीत तर त्या गल्लीतलं कुणी नाही."

"यादीत कशाला असतील? ते निगेटिव्ह होऊन महिना झाला. पण फुप्फुस गेलंय ना त्यांचं. ऑक्सिजनचं मशिन रात्रंदिवस चालू असतंय."

फोन कानाला तसाच होता आणि माझ्या पोटात गोळा आला. यादी मीच केली होती. तिच्यात आजारी माणसं होती. बरा म्हणून घरी पाठवलेला पण मशिनवर जगणारा माणूस तिच्यात बसतच नव्हता. कागदावर आजोबा बरे झाले होते.

त्या गल्लीत तेव्हा पाणी गुडघाभर होतं. फुटाच्या हिशेबाने त्यांच्या घरात शिरायला अजून बराच वेळ होता, घर चार पायऱ्या वर. पण गल्लीला वीज देणारी डीपी, म्हणजे वीज कंपनीची पेटी, कोपऱ्यावर होती, ती सखल जागी. मी त्या भागाच्या लाइनमनना फोन लावला. ते म्हणाले, "पाणी डीपीच्या पेटीला लागायला आलंय मॅडम. मी इथंच उभा आहे. तासाभरात बंद करणार."

थोडा वेळ थांबता येईल का, हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. मी ते गिळले. शेजारच्याच गल्लीत अग्निशमनची पोरं कमरेएवढ्या पाण्यात बोट ओढत होती. त्या पाण्यात वीज उतरली असती तर काय झालं असतं, हे सांगायला नको. एका श्वासासाठी दहा जणांचा जीव मागायचा अधिकार मला नव्हता. मी एवढंच म्हटलं, "बंद करायच्या आधी मला एक फोन करा." ते म्हणाले, "करतो." आणि त्यांनी केला.

सिलिंडर मिळवणं हे त्या दिवसांत सोपं काम नव्हतं, पण दुसऱ्या लाटेने सगळ्यांचे नंबर पाठ करून ठेवले होते. एक छोटा, बी टाइपचा, दीड हजार लिटरचा सिलिंडर मिळाला. मिनिटाला चार लिटरने तो सहा तास पुरतो. तेवढं खूप झालं. बोटीत कोण बसणार हे मात्र मी स्वतः मोजलं. ८ ऑगस्ट २०१९ ला आमच्याच जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, ते त्यानंतर मी कधी विसरले नाही. बोट चालवणारा, दोन जवान आणि मी. येताना मी उतरून पाण्यातून चालणार, हे आधीच ठरलं.

दार सुनेने उघडलं. आतून मशिनची घरघर येत होती. आजी कॉटच्या कडेला बसून होत्या आणि त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"दवाखान्यात न्यायचं न्हाई. गल्लीतली पाच माणसं न्हेली, तिघं आली."

यावर काय बोलणार? खरंच होतं ते. मी समजावत होते, सून रडत होती, तेवढ्यात आजोबांनी नाकातली नळी जरा सरकवली आणि विचारलं, "आयर्विनला किती?"

मी आकडा सांगितला.

"मग इथं यायला पहाट होतीय." श्वास घेऊन ते पुढे म्हणाले, "एकोणीसला वरच्या फळीला लागलं होतं. मला ठाऊक आहे की."

जन्मभर त्या पुलाच्या फुटांवर जगलेला माणूस होता तो. त्यांचा हिशेब चुकलेलाही नव्हता. मी कॉटपाशी खाली बसले. "आजोबा, पाणी पहाटे येईल. पण लाईट आत्ता जाणार आहे. अर्ध्या तासात."

त्यांनी मशिनकडे बघितलं. मग बल्बकडे. मग सुनेला म्हणाले, "इन्व्हर्टर किती वेळ चालंल?"

"दोन तास, मामा."

ते काही बोलले नाहीत. फक्त हात पुढे केला, उठवायला.

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघा जवानांनी त्यांना पायऱ्यांवरून उतरवलं. सिलिंडर वाकळेत गुंडाळून बोटीच्या तळाला आडवा ठेवला, घरंगळू नये म्हणून सुनेने तो दोन्ही पायांत धरला. आजी देवघरातली अन्नपूर्णा ओच्यात घेऊन निघाल्या. गल्लीच्या मध्यावर आलो आणि माझा फोन वाजला. लाइनमन होते. "मॅडम, करू का?"

"करा," म्हटलं.

सगळी गल्ली एकदम काळी झाली. पंखे, टीव्ही, कुठलीशी मोटर, सगळ्यांचे आवाज बंद पडले आणि फक्त सिलिंडरच्या बाटलीतले बुडबुडे ऐकू येत राहिले. मी बोटीची कड धरून चालत होते. आजोबांचा हात अंधारात माझ्या हातावर आला, थंडगार.

त्यांना पुराच्या पट्ट्याबाहेरच्या दवाखान्यात पोचवून अकराच्या सुमारास मी कक्षात परतले, तर आशाताई माझ्या आधी तिथं येऊन बसल्या होत्या. हातात शंभर पानी वही. मी त्यांना विचारलं, असे अजून किती? त्यांनी वही उघडली. गरोदर बायका, बीपीच्या गोळ्या, लहान बाळं, सगळं त्यांच्या अक्षरात. त्यांनी दोन नावं काढली. मग आम्ही बाकीच्या आशाताईंना एकेक करून उठवलं. कुणाच्या घरी मशिन, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, कुणाला शनिवारी डायलिसिसला जायचं होतं आणि रस्ता सकाळपर्यंत राहणार नव्हता. पुढे दोन दिवस पाणी चढतच राहिलं, ५४ फुटांच्याही वर गेलं. पण त्या रात्री आम्ही पाण्याच्या मागे नव्हतो. फळ्यावर गल्ल्यांची नावं पुसून डीप्यांची नावं लिहिली, कुठली आधी बंद होणार त्या क्रमाने, आणि तोच क्रम बोटींना दिला. लाइनमन दर अर्ध्या तासाने फोन करून पुढची डीपी सांगत होते. उजाडेपर्यंत आम्ही त्यांच्या एक पाऊल पुढे राहिलो. दोनदा फक्त काही मिनिटांनी.

पूर उतरल्यावर आजोबांना भेटायला गेले होते. भिंतीवर चिखलाची रेघ ओली होती. त्यांनी सुनेकडून खिळा मागून घेतला आणि त्या रेघेवर, २०१९ च्या खुणेच्या खाली, २०२१ कोरायला सांगितलं. मग मला म्हणाले, "डीपी तेवढी उंच करून घ्या की."

त्या मागणीचा अर्ज मी त्याच आठवड्यात केला. डीपीचा नवा चौथरा पुढच्या उन्हाळ्यात झाला. आजोबा तेव्हा नव्हते. वही मात्र अजून चालू आहे. मेच्या शेवटी आशाताईंचा फोन येतो आणि आम्ही दोघी नावं मोजायला बसतो.